यादी उलटी लिही रे भावा

परवा मावसभावाने व्हॉट्सॲपवर कॉम्प्युटरच्या पार्ट्सची यादी पाठवली, दादा बघ ना कसं वाटतंय, गेमिंगसाठी बनवतोय, बजेट कमी आहे. यादी उघडली तर पहिल्याच ओळीत आठ कोरचा प्रोसेसर, त्याच्या खाली लिक्विड कूलर, मग काचेचं कॅबिनेट, सहा आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचे फॅन, आणि सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर आठवलं असावं तसं, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. हसू आलं, कारण माझी पहिली यादी डिट्टो अशीच होती.

मी एवढंच विचारलं, मॉनिटर कुठला? तर म्हणे जुनाच, १०८०पी, ६० हर्ट्झ. अरे मग सुरुवात तिथून कर ना. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, तू मशीनमधून दीडशे एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं) काढलेस तरी डोळ्यांपर्यंत येणार साठच. आणि रिझोल्यूशनचं म्हणशील तर १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, म्हणजे जवळपास पावणेदोन पट, आणि हा वाढलेला भार सगळा ग्राफिक्स कार्डाच्या मानेवर, प्रोसेसरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. प्रोसेसरचा कस लागतो तो १४४ हर्ट्झवर फास्ट शूटर खेळताना किंवा हजार गोष्टी एकदम हलणाऱ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये. त्यामुळे स्क्रीन कुठली आणि गेम कुठले हे ठरलं की अर्धी यादी आपोआप लिहून होते.

मी स्वतः मॉनिटर सोडून उरलेल्या पैशातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कार्डाला देतो. माझ्या मशीनमध्ये आरएक्स ६६०० कार्ड आहे, ८ जीबी मेमरीचं, १०८०पीला मस्त चालतं. चार जीबीवाल्या कार्डाच्या नादाला आता लागू नये, नवीन गेममध्ये टेक्स्चर हाय केले की मेमरी भरते आणि गेम अडखळायला लागतो. त्यात आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या रस्त्याच्या, चारच लेन वापरतं, बोर्ड जुना पीसीआयई ३.० वाला असेल तर अजून मार बसतो, आणि हे बॉक्सवर ठळक कोणी छापत नाही.

प्रोसेसरला सहा कोर बारा थ्रेड पुष्कळ झाले, रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ. फक्त नावं नीट वाच. ५५०० आणि ५६०० शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२, आणि गेममध्ये ही कॅशच कामाला येते. शिवाय ५५०० पीसीआयई ३.० वरच अडकतो. ५६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो, तो पुरतो, लिक्विड बिक्विड काही नको.

आता जिथे मी माती खाल्ली ते. पैसे वाचवायला जुन्या कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तसाच ठेवला, डेस्कटॉपवर सगळं छान, गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला मशीन फटकन बंद, ब्लू स्क्रीन नाही एरर नाही, काळोख आणि परत बूट. दोन आठवडे ड्रायव्हर टाक, काढ, विंडोज नव्याने टाक, सगळे उपास केले. शेवटी मित्राचा एसएमपीएस आणून लावला आणि तीन तास गेम चालला. वॅटेज कमी नव्हतंच, आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि चांगला ५५० वॅटचा निवांत पुरतो, जुन्याला अचानक वाढलेला लोड झेपत नव्हता. ८० प्लसचं स्टिकर बघून भुलू नकोस, ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल कसा आहे ते नाही.

तेव्हापासून माझा हिशोब असा, जे नंतर पाच मिनिटांत बदलता येतं तिथे आज काटकसर करायची. एसएसडी ५०० जीबीची घे, दुसरी पुढे लावता येते. फॅन तर कधीही. पण मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं मशीन उसवायचं, आणि एसएमपीएस बदलायचा म्हणजे सगळ्या केबल परत ओवायच्या. एएम४ घ्यायचं की एएम५ (मदरबोर्डवरचा प्रोसेसरचा सॉकेट) हाही प्रश्न यातलाच, एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते त्यामुळे आज खर्च जास्त, पण पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते.

रॅम ८ च्या दोन काड्या घे, १६ ची एक नको. मी एकच घेतली होती, सरासरी एफपीएस बरे दिसायचे पण वळण घेतलं की गाडी हिसका द्यायची, दुसरी काडी आल्यावर ते गेलं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, मॅन्युअल बघ. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, ऑन कर रे बाबा, माझी ३२०० ची रॅम कितीतरी महिने २१३३ वर रांगत होती, टास्क मॅनेजरमध्ये स्पीड लिहिलेला असतो तिकडे कधी बघितलंच नाही.

जोडताना दोनच गोष्टी. प्रोसेसरची आठ पिनची केबल आणि कार्डाची आठ पिनची केबल सारख्या दिसतात, खाचा वेगळ्या असतात, जात नसेल तर जोर लावू नकोस. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, मदरबोर्डला नाही. १२४००एफसारख्या एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, मी अर्धा तास काळ्या स्क्रीनकडे बघत रॅम काढत घालत बसलो होतो.

हे सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, सात मिनिटांची झाली. काल त्याची नवीन यादी आली. कार्ड पहिल्या ओळीत, ८ जीबीचं, प्रोसेसर सहा कोरचा, एसएमपीएस चांगला, लिक्विड कूलर गायब. फॅन मात्र सहाच्या सहा तसेच आहेत, आरजीबी.