भुऱ्याचा गोचीडताप आणि आमच्या घराच्या भेगा

हत्यारांची पिशवी उचलली की आमचा कुत्रा भुऱ्या आधी फाटकाशी जाऊन उभा राहतो. गल्लीच्या टोकापर्यंत मला सोडायचं आणि परत यायचं, ही त्याची सात वर्षांची सवय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी पिशवी उचलली, पकडी वाजल्या, आणि तो कूलरच्या स्टँडखालून उठलाच नाही. शेपटी दोनदा हलवली आणि मान पुन्हा फरशीवर टेकवली.

मी अकोल्यात वायरिंग, नळ, पंखे, कूलर अशी पडेल ती कामं करतो. होळीपासून मृगापर्यंत कूलरचाच सीझन असतो. गवत बदला, पंपाची जाळी साफ करा, बुश घासला असेल तर नवा टाका, पंखा रडत फिरत असेल तर कंडेन्सर बदला. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर काम, मधल्या वेळात घराबाहेर पडायचं नाही. त्या दिवशी पारा ४३ वर होता, त्यामुळे भुऱ्याला ऊन लागलं असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. आई म्हणाली, "ऊन लागलं त्याले. कांदा लाव तळपायाले." माणसाला लावतो तसा लावला. ओलं फडकं टाकलं, पाण्याची घमेली सावलीत सरकवली. असे दोन दिवस गेले. ते दोन दिवस मला आजही टोचतात, कारण तो जेवत नव्हता हे दिसत होतं आणि मी दुसऱ्यांचे कूलर दुरुस्त करत फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी पाचवीतल्या माझ्या मुलीनं मला फोन केला. "बाबा, भुऱ्याच्या पोटावर लाल टिपके आलेत. आणि नाकातून रक्त पडलं." मी हातातला पंप तसाच ठेवून घरी आलो. पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीनं टोचावं तसे ठिपके होते. बोटानं दाबले तरी फिके पडत नव्हते. फरशीवर रुपयाएवढा रक्ताचा थेंब वाळलेला होता.

ऑटोत बायकोनं त्याला मांडीवर घेतलं. १८ किलोचा कुत्रा, पण त्या दिवशी अंग टाकून दिल्यासारखा पडला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मग ताप मोजला. १०४.५. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ पर्यंत ठीक, हे मला तिथं कळलं. मग त्यांनी कान उलटा केला. आतल्या घडीत चार गोचीड होते. पंजाची बोटं फाकवली, तिथंही होते. रक्त काढलं. संध्याकाळी रिपोर्ट आला: प्लेटलेट ४२ हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जंतू शिरतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो. प्लेटलेट तुटतात, म्हणून ते ठिपके आणि नाकातलं रक्त. आम्ही त्यालाच ऊन समजत होतो.

कांद्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी लगेच विचारलं, "चाटला का त्यानं? खाल्ला का?" कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आधीच रक्त कमी, त्यात ते. नशिबानं त्यानं पाय चाटले नव्हते. शेजाऱ्यांनी आपली तापाची गोळी अर्धी द्यायला सांगितली होती, तेही विचारून घेतलं. बिलकूल नाही, म्हणाले; माणसाची तापाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन. त्याच्या वजनाला १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. म्हणजे ५६ गोळ्या. "पाचव्या दिवशी तो उड्या मारायला लागेल आणि तुम्ही गोळ्या बंद कराल, सगळे तेच करतात," डॉक्टर म्हणाले. "करू नका." गोळी उपाशीपोटी द्यायची नाही आणि वरून पाणी पाजायचंच, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथं भाजते. गोळीच्या वेळेला दूध नाही, कारण दुधातल्या कॅल्शियमनं औषध नीट लागत नाही. भुऱ्याची सकाळ सात वर्षं दूध-पोळीनं सुरू होत आलेली. बायकोनं ती दुपारवर ढकलली आणि सकाळी उकडलेल्या अंड्याच्या बलकात गोळी लपवायला लागली. पहिले तीन दिवस तोंड उघडूनच टाकावी लागली, मागून सुईच्या नळीनं पाणी. मुलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन फुल्या मारायचं काम स्वतःकडे घेतलं. सुट्ट्या होत्या, आणि तिच्याकडून एकही फुली चुकली नाही.

पण निघताना डॉक्टर जे बोलले ते मी ऑटोत बसल्यावरही डोक्यात घोळवत होतो. "अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे तुमच्या घरात आहेत." कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा अंगावर चढतो आणि तीनदा पोट भरून खाली उतरतो. उरलेला सगळा काळ तो भेगेत बसून काढतो. पोट भरलेली मादी अशाच एखाद्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. आणि हे गोचीड जमिनीवर कमी, भिंतीवर वर वर चढतात.

म्हणजे औषध डॉक्टरांचं, पण भेगा माझ्या होत्या.

त्या रात्री मी भुऱ्याची कूलरखालची जागा टॉर्चनं पाहिली. आमचं घर जुनं, विटांचं. मागच्या भिंतीला ओलीनं पोपडे आलेत. लोकांच्या घरी मी अशी भिंत पाहिली तर लगेच सांगतो, आपल्या घराला मात्र वेळ मिळत नाही. चौकट आणि भिंतीच्या मधल्या फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं, तर तीन बाहेर आले. मग नजर वर गेली. कूलरच्या बोर्डापर्यंत वायर नेणारी पीव्हीसीची पट्टी मीच सहा वर्षांपूर्वी ठोकली होती, आणि ती भिंतीपासून दोरा-दोन दोरे सुटली होती. मेन बंद करून झाकण ओढलं. आत वायरीच्या कडेनं गोचीड ओळीनं बसलेले. फुगलेले राखाडी, अगदी एरंडीच्या बियांसारखे. त्यांच्या मागे तपकिरी बारीक मण्यांचा घोस होता, तो अंड्यांचा. आणि हातभर वर मोहरीपेक्षा बारीक, हलणारं काहीतरी. पिलांना सहाच पाय असतात, मोठ्यांना आठ. भिंग धरल्यावर तेही मोजता आले. माझ्याच हातच्या पट्टीत त्यांनी संसार थाटला होता.

पुढचे चार दिवस दुपारी मी झोपलो नाही. हातमोजे घालून एकेक चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकला. बोटानं चिरडायचे नाहीत, जंतू त्यांच्या अंगात असतो. भुऱ्याच्या अंगावरचे काढताना कातडीला लागून धरून सरळ ओढायचे. रॉकेल, जळती काडी असलं काही नाही. सगळ्या पट्ट्या उतरवल्या. भेगा छन्नीनं मोकळ्या केल्या, तारेच्या ब्रशनं झाडल्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची फवारणी बाटलीवरच्या प्रमाणात केली. तेवढा वेळ आई, मुलगी आणि भुऱ्या समोरच्या काकूंकडे; फरशी वाळल्याशिवाय कोणाला आत घेतलं नाही. मग पांढरं सिमेंट. चौकटीच्या फटीत सिलिकॉन. पट्ट्या नव्या, आणि या वेळी मागे सिलिकॉनची अखंड रेघ ओढून भिंतीला चिकटवल्या. अंडी फवाऱ्याला दाद देत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी, पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरी. भुऱ्याला अंगावरच्या गोचिडांसाठी वेगळी गोळी दिली, तीही वजन बघून.

कूलरखालची जागाही बंद केली. तिथं गारवा असतो म्हणून तो बसायचा, पण लोखंडी कूलर आणि ओली जमीन यांच्यामध्ये कुठलंच जनावर बसू नये, माणूसही नाही. आमच्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मी त्याच दिवशी घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारं बटण, जे मी गेली चार वर्षं गिऱ्हाइकांना बसवायला सांगत होतो. भुऱ्यासाठी मोरीजवळ वाळूचा ओटा केला. सकाळी पाणी मारलं की दुपारपर्यंत गार राहतो.

सहाव्या दिवशी तो खरंच उड्या मारायला लागला. आईनं विचारलं, "बरा झाला ना आता? कायले देता गोळ्या?" मुलीनं तिला कॅलेंडर दाखवलं. दहाव्या दिवशी प्लेटलेट १ लाख ३८ हजार. अठ्ठावीस दिवस पुरे झाले तेव्हा २ लाख ६० हजार. सहाव्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या उरल्या. त्या बायकोनं डॉक्टरांना परत नेऊन दिल्या, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला चालतील म्हणून.

मे अखेरचा नऊ दिवसांचा कडक उन्हाचा नवतपा सुरू झाला त्या दिवशी तिसरी फवारणी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कूलरवरच्या पट्टीचं झाकण पुन्हा काढून पाहिलं. वायरीलगत दोन वाळलेली टरफलं होती, बाकी काही नाही. मुलगी टॉर्च धरून उभी होती, भुऱ्या तिच्या पायाशी. आता आईच्या खोलीतली पट्टी तेवढी बघायची राहिली आहे. ती दुपारची झोपलीय, उठली की शिडी आत नेतो.