गणेश पेठ ते मिरकरवाडा : कुप्याच्या मागावर

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात पापलेट-सुरमईच्या गर्दीत कुपा आणि गेदर, म्हणजे ट्यूना जातीचे मासे, कडेला पडून असतात. पुणेकर त्यांच्याकडे फारसा वळत नाही. आम्ही मात्र हा मासा येतो कुठून ते पाहायला निघालो. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, हातखंबा आणि तिथून रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. घाट उतरल्यावर अंगाला चिकचिक सुरू होते, बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

धक्क्यावर बर्फ भरणं चालू असतं आणि तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, मोबाइलवर मासा कुठे मिळू शकेल ते सांगणारा संदेश. तो पाठवते हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था. बंदरापासून दिशा, अंतर, तिथली खोली, अक्षांश-रेखांश, सगळं त्यात मिळतं. हा अंदाज मुख्यतः उपग्रहाने टिपलेल्या दोन गोष्टींवर बेततात: पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य, म्हणजे वनस्पती-प्लवक किती आहे ते. आभाळ भरलं की दोन्हींचं चित्र अडतं.

नकाशावर गर्द हिरवा पट्टा दिसला की बोट थेट त्याच्या मधोमध घालायचा मोह होतो. तारली-बांगड्यासाठी ते एक वेळ चालेल, कुप्यासाठी नाही. कुपा नजरेने शिकार करतो, गढूळ पाण्यात त्याचं जमत नाही. थंड हिरवं पाणी कोमट निळ्या पाण्याला जिथे भिडतं ती कड शोधायची आणि जाळं निळ्या बाजूला सोडायचं. समुद्रात ही कड डोळ्यांनीही ओळखू येते: फेसाची आणि काडीकचऱ्याची लांबच लांब रेघ, वर घिरट्या घालणारे पक्षी. ती सरकत राहते, त्यामुळे परवाचे अक्षांश-रेखांश घेऊन गेलात तर डिझेल जाळून परत याल.

खरी मेख मात्र खोलीत आहे. समुद्राच्या वरचा थर वाऱ्याने ढवळलेला, कोमट. त्याच्याखाली तापमान झपाट्याने उतरतं, तो पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. पिवळ्या पराचा कुपा भक्ष्यासाठी खाली बुडी मारतो, पण बराचसा वेळ वरच्या थरात काढतो. शिवाय त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, आणि अरबी समुद्रात साधारण १५० मीटरखाली तो जवळपास संपतो. त्यामुळे कोमट थर सायीसारखा पातळ असला की मासा वर दाटतो आणि जाळ्यात येतो. थर जाड झाला की तेवढाच मासा खोलवर पांगतो, जाळं रिकामं येतं, आणि खलाशी म्हणतात मासा गेला. गेलेला नसतो, जाळ्याच्या खाली असतो. लांब दोरीला गळ लावणाऱ्यांना इथे उपाय आहे. बोयाची, म्हणजे दोर तरंगत ठेवणाऱ्या फुग्याची, दोरी लांबवायची किंवा दोन बोयांमध्ये जास्त गळ ठेवून दोर अधिक झुकू द्यायचा.

हेच मोठ्या प्रमाणावर १९९७-९८ मध्ये घडलं. प्रशांत महासागराचं पाणी तापवणारा एल निन्यो आणि हिंद महासागरातला धन द्विध्रुव (पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा कोमट, पूर्वेचं थंड) एकत्र आले, पश्चिमेकडे कोमट थर जाड झाला, आणि तिथली परदेशी पर्ससीन जहाजं (माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणारी) पूर्व हिंद महासागराकडे वळली. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनसाठी ज्याचा अभ्यास होतो, तोच हा द्विध्रुव. पुण्यात त्याची चर्चा पावसापुरतीच होते, हे आम्हाला खटकतं.

निळ्या पाण्याची कड बहुधा किनाऱ्यापासून दूर असते, म्हणून बर्फाचा हिशेब आधी. कुप्याचं अंग भोवतीच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि धडपडीत आणखी तापतं. वर घेताच रक्त काढायचं, कल्ले-आतडी काढायची, पोटात बर्फ ठासायचा, आणि माशाच्या वजनाइतका तरी बर्फ धरायचा. यात दिरंगाई झाली तर मांसात हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि कालवण कितीही उकळलं तरी ते जात नाही. तुकडा जिभेला चुरचुरला तर ताट बाजूला सारा.