वेल्सच्या पायऱ्या, उलट्या काचेवर

इंग्लंडमधलं वेल्स इतकं लहान शहर आहे की कॅथेड्रल शोधावं लागत नाही. माझी अडचण वेगळी होती: पाठीवरचं अकरा किलोचं ओझं. ४×५ इंची फिल्मचा कॅमेरा, ट्रायपॉड, फिल्मचे होल्डर, काळं कापड. ट्रायपॉडची परवानगी आधीच पत्र पाठवून मिळवली होती, तीही सकाळच्या तासाभरापुरती.

आत शिरल्यावर लोक कात्रीसारख्या त्या कमानींपाशी थबकतात. मी सरळ उत्तरेच्या जिन्याकडे गेलो. लंडनमधलं पुस्तकांचं दुकान सोडून फोटोग्राफीला वाहून घेतलेल्या फ्रेडरिक इव्हान्सने १९०३ साली या जिन्याचं छायाचित्र काढलं आणि त्याला ‘पायऱ्यांचा समुद्र’ म्हटलं. नाव उगाच नाही दिलेलं. १३०६ साली पुऱ्या झालेल्या अष्टकोनी सभागृहाकडे पायऱ्या उजवीकडे लाटेसारख्या वळतात, आणि पावलांनी झिजून त्यांना खळगे पडलेत.

कॅमेरा पातळीत लावला. तो वर वाकवायचा मोह होतोच, पण मग खांब माथ्याकडे एकमेकांवर कलतात. म्हणून कॅमेरा जागेवर ठेवून फक्त लेन्सची पाटी वर सरकवायची. कापडाखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर जिना उलटा, डावं-उजवंही उलटं, पायऱ्या छताला टांगल्यासारख्या. लेन्स वर नेली तसा काचेच्या खालच्या कडेला कापला गेलेला कमानीचा माथा हळूहळू आत चढला. आणखी थोडी नेली, तर खालचे कोपरे काळवंडले. लेन्सची हद्द संपली होती. काचेचे कोपरे छाटलेले असतात ते यासाठीच: तिथून डोकावून लेन्सचं छिद्र बघायचं. पूर्ण दिसलं तर ठीक, बदामासारखं चेपलेलं दिसलं तर निमूट मागे यायचं. आलो. (खांब नंतर संगणकावर सरळ करता येतात, मान्य. पण मग माथा नेमका कुठे येणार हे तिथे उभं असताना दिसत नाही, आणि मला तेच बघायचं असतं.)

पहिली फिल्म मीच घालवली. फोकससाठी उघडलेलं शटर बंद न करताच डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवर उजेड येऊ न देणारं झाकण, ओढली.

दुसऱ्या वेळी लेन्सचं छिद्र बारीक, एफ ३२ ला; उजेड मोजणारा मीटर ३० सेकंद सांगत होता. एवढ्या मंद उजेडात फिल्म आळसावते. माझ्या एचपी५ फिल्मला ३० च्या जागी साधारण ८६ सेकंद द्यावे लागतात. मनात आकडे मोजू लागलो. आकडा चाळीसच्या आसपास आला तेव्हा एक गृहस्थ वरून उतरले, मला बघून दचकले आणि पुढे यावं की मागे फिरावं हे न कळून तिसऱ्या पायरीवर थिजले. मी हातानेच ‘या, या’ केलं. तरी ते तिथेच चुळबुळत राहिले, मग भिंतीच्या कडेने निघून गेले. चालता माणूस इतक्या लांब एक्सपोजरमध्ये उमटत नाही, म्हणून मी मोजणं थांबवलं नाही.

घरी प्रिंट काढून भिंग लावलं. गृहस्थ कुठेच नाहीत. बूट तेवढे जागचे हलले नसावेत; तिसऱ्या पायरीच्या खळग्यात ते आहेत, आरपार दगड दिसेल इतके फिके.