एकाच नावाचे दोन व्हेरिफाय

सकाळी तक्रार आली. एका वापरकर्त्याने ब्राउझरमधल्या पत्त्यातला आकडा एकने वाढवून पाहिला आणि त्याच्यासमोर दुसऱ्याच कोणाचं तरी इन्व्हॉइस उघडलं. माझा पहिला विचार, हे होऊच शकत नाही. कारण नेमकी हीच टेस्ट मी दोन महिन्यांपूर्वी लिहिली होती: एका नावाने लॉगिन करायचं, दुसऱ्याचं इन्व्हॉइस मागायचं, सर्व्हरने ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', द्यायला हवं. आणि बिल्ड, म्हणजे कोड बांधून सगळ्या टेस्ट चालवण्याची फेरी, तर रोज हिरवा.

आधी तो डाउनलोडचा मार्ग प्रॉडक्शनवर बंद केला. मग माझ्या मशीनवर मेव्हनचा, म्हणजे आमचा बिल्ड करणाऱ्या साधनाचा, व्हेरिफाय चालवला. लॉग धावत गेला, शेवटी 'बिल्ड सक्सेस'. नेहमी मी इथेच खिडकी बंद करतो. आज वर सरकवत गेलो, तर ओळ सापडली: टेस्ट ४७, फेल ३. त्यात माझी ती टेस्ट होती. अपेक्षित ४०३, मिळालं २००, म्हणजे 'सगळं ठीक'. दोन महिने ती ओरडत होती आणि आम्ही शेवटची ओळ तेवढी वाचत होतो.

बिल्डमध्ये काय काय चालवायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं, ती मेव्हनची पॉम फाईल उघडली. आमच्याकडे युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या टेस्ट, मेव्हनचा शुअरफायर हा प्लगइन चालवतो आणि सर्व्हरवरच्या टेस्ट फेलसेफ हा दुसरा प्लगइन. प्री-इंटिग्रेशन-टेस्ट टप्प्यात जेट्टी हा वेब सर्व्हर सुरू होतो, टेस्ट त्याला खऱ्या एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवतात, पोस्ट-इंटिग्रेशन-टेस्टमध्ये तो बंद होतो. आता मधली एखादी टेस्ट फेल झाली म्हणून बिल्ड तिथेच थांबला, तर सर्व्हर बंद करण्याची पायरी येणारच नाही. म्हणून फेलसेफ मुद्दाम गप्प बसतो. निकाल एका समरी फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि सगळं आवरून झाल्यावर त्याचा 'व्हेरिफाय' हा गोल (प्लगइनचं एक ठरलेलं काम) ती फाईल वाचून बिल्ड पाडतो. आमच्या पॉममध्ये 'इंटिग्रेशन-टेस्ट' हा गोल होता, 'व्हेरिफाय' नव्हता.

गंमत अशी, की मेव्हनच्या टप्प्याचं नावही व्हेरिफायच. आमचे बिल्ड आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्समधली कमांड पाहून प्रत्येकाला वाटायचं, व्हेरिफाय तर चालतोय. टप्पा चालत होता, पण त्या टप्प्यावर फेलसेफचं कामच बांधलेलं नव्हतं. वर जेनकिन्स रिपोर्ट वाचायचा तो फक्त शुअरफायरच्या फोल्डरमधून. फेलसेफचं फोल्डर वेगळं. पॉममधला तो भाग कोणी लिहिला हे मी शोधलं नाही. माझंच नाव निघण्याची शक्यता बरीच होती.

मूळ चूक तशी साधी. लॉगिन आणि मालकी तपासणारा फिल्टर वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमध्ये जुन्या पत्त्यावर लावलेला होता. डाउनलोडसाठी नवा पत्ता आला, त्यावर फिल्टर नाही. शेकडो युनिट टेस्टना याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं, कारण त्या सर्व्हलेटच्या, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडच्या, क्लासला थेट हाक मारतात. फिल्टर मध्ये आणून उभा करतो तो सर्व्हर, आणि तो त्या टेस्टमध्ये असतच नाही. उरलेल्या दोन टेस्टचं म्हणाल, तर लॉगिननंतरचं पान बदललं होतं आणि टेस्ट जुन्याच पानाची वाट पाहत होत्या.

फिल्टरला हात लावण्याआधी मी पॉममध्ये राहून गेलेली 'व्हेरिफाय'ची एक ओळ आणि जेनकिन्ससाठी रिपोर्टच्या दुसऱ्या फोल्डरचा पत्ता, एवढंच पाठवलं. थोड्याच वेळात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "अरे, बिल्ड तू मोडलास का?"

"हो," म्हटलं, "एकदाचा मोडला."

मग फिल्टरची दुरुस्ती पाठवली.