डिस्चार्जच्या कागदावर नसलेलं

बुधवार, रात्री

दुर्बिणीतून मुतखडा काढला, पण डावीकडे अजून 'डीजे' आहे. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत लघवी नेणाऱ्या मूत्रवाहिनीत घातलेली बारीक नळी, दोन्ही टोकांना वेटोळं. खालचं वेटोळं मूत्राशयाला घासतं, म्हणून सारखी लघवीला धाव, शेवटच्या थेंबाला जळजळ आणि जिना चढलो की लघवी लालसर. डिस्चार्जच्या कागदावर हे सगळं होतं. पाणी किती प्यायचं, पालक-टोमॅटोचं काय करायचं, तेही होतं. बायकोजवळ जायचं की नाही, एवढंच नव्हतं. आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या शेजारी आई उभी. विचारणार कसं?

आज ओपीडीत एकटाच गेलो आणि विचारून टाकलं. डॉक्टर जराही चपापले नाहीत. नळीचा दोरा बाहेर ठेवलेला नसेल तर मनाई नाही म्हणाले. मात्र नळी असेपर्यंत दुखतं, इच्छाही कमी होते, आणि हे बहुतेकांचं होतं. दुसरं म्हणजे रोज रात्रीची टॅमसुलोसिन, 0.4 मिलिग्रॅम. मूळची प्रोस्टेटची गोळी. ती मूत्रवाहिनीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, त्यामुळे वीर्य कमी येतं, कधी येतच नाही. गोळी थांबली की पूर्ववत.

एवढी दोन वाक्यं आधी कुणी सांगितली असती तर! एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' रंगवणाऱ्यांचं निम्मं गिऱ्हाईक अशा न सांगितलेल्या वाक्यांतूनच येत असणार, असं मला वाटतं. शेजारच्या काकांना तर खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात अडकला तेव्हा कळ थेट अंडकोषात उतरायची. नसा जवळजवळ त्याच, म्हणून. ते महिनाभर भलत्याच आजाराला भीत बसले होते.

डॉक्टरांनी जाता जाता एक गंमतही सांगितली. 2015 मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात 6 मिलिमीटरपर्यंतचा खडा असलेल्या पुरुषांचे तीन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीन-चार वेळा संबंध ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांत त्यांतल्या 31 पैकी 26 जणांचे खडे पडले. त्या वेळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने मूत्रवाहिनी सैल होत असावी, असा त्यांचा तर्क. अभ्यास लहान, एवढ्यावर कुणी चिठ्ठी लिहून देत नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "हे ऑपरेशनच्या आधी नाही का सांगायचं त्यांनी? खर्च तरी वाचला असता!"

हसून झालं, पण निघताना त्यांनी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायला लावलंय. वजन आणि साखर वाढली की खडेही होतात आणि रक्तवाहिन्या बिघडून ताठरताही कमी होते. म्हणून चाळिशीत खडा झाला की ते हे बघतातच. उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचंय. नळी पुढच्या गुरुवारी निघेल.