सर्कस बघणारे चेहरे: ‘थंप’वर बोलायची तयारी

आमच्या चित्रपट मंडळात जी. अरविंदन यांचा मल्याळम चित्रपट ‘थंप’ (म्हणजे सर्कशीचा तंबू, १९७८) दाखवायचं ठरलं आणि आधी थोडं बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी एकच प्रश्न धरला: या माणसानं सर्कसच का निवडली?

सर्कशीचा सिनेमा म्हटला की जोकरचं रडू आणि झोक्यावरची जीवघेणी कसरत ठरलेली. इथं ट्रकमधून सर्कस येते, नदीकाठी तंबू ठोकते, खेळ होतात, ट्रक निघून जातो. अरविंदन यांनी पटकथा लिहिलीच नव्हती, तेव्हा गोष्ट सांगून भागणार नव्हतं. मी वही घेऊन बसले आणि कॅमेरा रिंगणाकडे कधी नि प्रेक्षकांकडे कधी, एवढंच टिपत गेले. उत्तर तिथंच होतं.

अरविंदन यांनी खऱ्या सर्कशीतले कलाकार केरळातल्या भारतप्पुळा नदीच्या काठी तिरुनावाया गावाला नेले, गावकऱ्यांसाठी खेळ लावले आणि शाजी करुण यांचा कॅमेरा बघणाऱ्यांवर रोखला. आधी लोकांचं लक्ष चित्रीकरणाच्या दिव्यांकडे जाई. मग ते खेळात असे रमले की कॅमेऱ्याचं भानच उरलं नाही. ताणलेल्या माना, उघडी राहिलेली तोंडं, भीतीनं आक्रसून लगेच हसणारे डोळे. हे कुणाकडून करवून घेता येत नाही! अरविंदन ‘मातृभूमी’ या मल्याळम साप्ताहिकातले व्यंगचित्रकार, चेहऱ्यांची ही ओढ तिथूनच आली असावी, असं मला वाटतं.

आपल्याकडचा धागा सांगितल्याशिवाय मला राहवेना. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली. तीच पुढे केरळातल्या तलश्शेरीला गेली, तिथल्या कीलेरी कुंजिकण्णन यांनी सर्कशीचं शिक्षण सुरू केलं आणि केरळ सर्कस कलाकारांचं माहेर झालं. अरविंदनना सर्कस परकी नव्हतीच.

खरी खटपट प्रतीची. इंटरनेटवरच्या धूसर प्रतीत चेहऱ्यांचे नुसते डाग दिसत होते, मग माझं सगळं म्हणणंच लटकं पडलं असतं. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं दुरुस्त केलेली, २०२२ साली कान चित्रपट महोत्सवात दाखवलेली प्रतच हवी, असा मी हट्ट धरला. पत्रव्यवहारात तारीख पुढे गेली, पण मिळाली.

खेळानंतर एका काकांनी विचारलं, “रिंगणाबाहेर बसलेल्या कलाकारांचे थकलेले चेहरे विसरलात का?” नव्हते विसरले. तिथून चर्चा अशी रंगली की सभागृहाच्या रखवालदाराला दिवे बंद करायची घाई करावी लागली.