रामोजी फिल्म सिटी: निम्मं सोडलं, म्हणून निम्मं नीट बघितलं

हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला जाऊन आलेला सोलापुरातला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. पायांचे तुकडे पडतात, आणि तरी निम्मं बघायचं राहतंच. राहणारच असेल तर कोणतं निम्मं सोडायचं ते मी घरूनच ठरवून निघाले. बरोबर गुडघेदुखीच्या सासूबाई आणि सगळंच हवं असणारी पाचवीतली लेक. नवरा गाडी चालवणार होता, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारलं नाही.

पुण्याहून सोलापूरमार्गे जाणारा हायवेच हैदराबाद ओलांडून पुढे विजयवाड्याकडे जातो. फिल्म सिटी त्याच रस्त्यावर, पण शहराच्या पलीकडच्या अंगाला, साधारण तीस किलोमीटरवर. म्हणून शहरात शिरायचंच नाही. पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं आणि पेद्दा अंबरपेटला खाली उतरायचं. आदल्या रात्री आम्ही हयातनगरच्या एका लॉजवर राहिलो. चारमिनारच्या बाजूला मुक्काम केला की सकाळ ट्रॅफिकमध्ये जाते, आणि रामोजीत सकाळच सगळ्यात मोलाची. रेल्वेनं येणाऱ्यांना नामपल्लीहून मेट्रोची लाल लाइन थेट एलबी नगरला सोडते, तिथून पुढे बस नाहीतर रिक्षा.

सकाळी नऊला आत सोडतात. बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून धपाटे आणि शेंगाचटणी गाडीची डिकी उघडून तिथंच संपवली. तिकीट आधीच ऑनलाइन काढलं होतं. एसी बस आणि जेवण धरून महागडी पॅकेजही मिळतात; आम्ही साधं घेतलं, कारण सेट दोन्ही तिकिटांत तेच. फाटकापासून त्यांचीच बस बरंच आत, युरेका नावाच्या चौकात नेऊन सोडते. तिथे स्वागताचा नाच चालू असतो आणि सगळी गर्दी मोबाइल वर धरून उभी असते. आम्ही तिथून सटकलो.

खरी मेख वेळापत्रकात आहे. सेट दाखवणाऱ्या लाल बसगाड्या दिवसभर सुटत राहतात, पण शोच्या वेळा ठरलेल्या. लोक समोर दिसेल त्या बसमध्ये चढतात, दुपारी उन्हात परत येतात आणि मग शोच्या दारात ताटकळतात. आम्ही आधी शोच्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या आणि मधल्या फटीत बस बसवली.

पहिला मान मूव्ही मॅजिक या शोला. दिवसात एकच गोष्ट बघायची झाली तर मी हीच सांगेन. प्रेक्षकांतून एका बाईला बोलावतात आणि जागच्या जागी ठेवलेल्या टांग्यावर बसवतात. बसंती! ‘शोले’मधला तो टांग्याचा पाठलाग. टांगा इंचभरही पुढे जात नाही. दोघं जण तो गदागदा हलवतात आणि बाई नसलेल्या घोड्याला हाकत ओरडते. पुढच्या दालनात आवाजाचं काम. टापा, चाकांची खडखड, चाबूक, सगळं प्रेक्षकांकडूनच करून घेतात. सासूबाईंनी आपण होऊन हात वर केला. त्यांच्याकडे खडखडीचं काम आलं आणि त्यांनी ते थांबायची खूण झाल्यावरही चालूच ठेवलं. शेवटी पडद्यावर सगळं जोडून दाखवलं, तेव्हा मघाशी आमच्या समोर हलणारा तोच लाकडी सांगाडा माळरानावरून सुसाट पळत होता. लेक म्हणाली, “म्हणजे टीव्हीवरचं सगळं असंच असतं?” त्यानंतर दिवसभर ती प्रत्येक गोष्टीकडे संशयानं बघत होती, आणि हेच मला हवं होतं.

बाराच्या आत जेवून घेतलं. एकला गेलात तर निम्मा भारत तुमच्या पुढे रांगेत असतो. मग बस. रामोजी रावांनी १९९६ मध्ये उभी केलेली ही नगरी जगातला सर्वांत मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात आहे, १,६६६ एकरांचा. चालत बघायची ती जागाच नाही, तेव्हा सासूबाईंसाठी बस हे वरदान. परदेशी गल्ली, विमानतळ, रेल्वे स्टेशन, देवादिकांचे महाल झपाझप मागे पडतात. गाइड कोणत्या सिनेमात काय दिसलं ते सांगत राहतो. मी म्हणेन, त्याच्याकडे थोडं दुर्लक्ष करा आणि बस थांबेल तिथे उतरून भिंतींच्या मागे जा. समोरून दगडी वाटणाऱ्या एका खांबावर लेकीनं टिचकी मारली तर आवाज डब्यासारखा पोकळ. रंगाचा पोपडा निघाला होता तिथे आतलं प्लास्टर दिसत होतं. मागच्या बाजूला नुसते पाइप आणि प्लायवूड. पुढचं वैभव आणि मागचा हा मांडव एका नजरेत दिसतो, ती मजा फोटोत येत नाही.

‘बाहुबली’च्या सेटवर मात्र गर्दी इतकी, की लोक सेट बघत नव्हते, सेटसमोर उभं राहायला जागा शोधत होते. आम्ही कडेकडेनं फिरून निघालो.

पक्षी, फुलपाखरं, साहसी खेळ आणि मुलांच्या राइड्स आम्ही सोडल्या. लेक थोडी फुरंगटली. पण राइड्सच हव्या असतील तर एवढ्या लांब कशाला, खोपोलीला इमॅजिका आहे. रामोजीला जायचं ते सिनेमा कसा घडतो ते बघायला. ज्यांची मुलं फारच लहान आहेत त्यांनी उलट करावं, सेट कमी आणि बागा-खेळ जास्त.

दुपारी वाइल्ड वेस्टचा स्टंट शो पाहिला. गोळीबार, धूर, वरून कोसळणारी माणसं. बसायला सावली मिळेल अशी जागा आधी जाऊन धरावी लागते. आम्ही अर्धा तास आधीच ठाण मांडलं आणि सासूबाईंचे गुडघेही तेवढ्यात शांत झाले.

संध्याकाळच्या समारोपाला सगळे थांबतात आणि मग सगळेच एकदम बाहेर जायच्या बसकडे धावतात. आम्ही कार्यक्रम अर्ध्यात सोडून रांगेत पुढे लागलो. अंधार पडायच्या आत रिंग रोड गाठला आणि झहीराबादला जेवायला थांबलो. तिथे वेटरनं ऑर्डर विचारायच्या आत सासूबाईंनी त्याला टांग्याची खडखड टेबलावर वाजवून दाखवली.